चार आण्यांची सही

ओटीवरची माणसं उठत नव्हती.

सकाळी आली, "देवाच्या मनात होतं ते झालं" म्हणाली, पाणी प्याली आणि बसून राहिली. नुरुद्दीन शेटचं दफन होऊन एक दिवस झाला होता. पहिल्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती तेव्हा अतियाला बरं वाटलं होतं. बावाला एवढी माणसं मानत होती तर. दुसऱ्या दिवशी तीच माणसं पुन्हा आली तेव्हा तिला जरा नवल वाटलं. दुपार झाली, उन्हं ओटीवर चढली, तरी कुणी हलेना, तेव्हा तिचं डोकं उठलं.

कुणी रडत नव्हतं. कुणी बोलतही नव्हतं. सगळे शेजारच्या दुकानाच्या कुलपाकडे बघत होते.

अतिया नुरुद्दीनची एकुलती एक मुलगी. नवरा पनवेलला तापाने गेला, तेव्हापासून ती रेवसला बापाच्या घरी होती आणि बापाच्या दुकानाचं सगळं लिहिणं तिच्याकडे होतं. दुकान बंदराला लागूनच. तांदूळ, रॉकेल, दोरखंड, जाड कापड. या भागात सुट्ट्या नाण्यांची चणचण कायमची. रुपये मुंबईहून यायचे, पण रोजच्या मजुरीला लागणाऱ्या चवल्यापावल्या येता येता कुठे जिरायच्या कोण जाणे. म्हणून नुरुद्दीन शेट मिठागराच्या बांधावरची मजुरी आणि नारळ-मिठाचे पैसे चिठ्ठीने भागवायचा. पत्त्याएवढा जाड पुठ्ठा, त्यावर 'चार आणे', खाली त्याची सही आणि सहीखाली होडीच्या काठासारखी एक रेघ. चिठ्ठी दुकानात आणून दिली की माल मिळायचा, नाहीतर रोकड. पण माणसं आणून देतच नसत. केसर कोळीण मासळीच्या बदल्यात चिठ्ठी घ्यायची, ती होडीवाल्या बुधाजीला द्यायची, बुधाजी ताडीवाल्याला द्यायचा, आणि वर्षभराने ती दुकानात परत यायची तेव्हा तिला सुकटीचा वास असायचा. कायद्यात हे बसतं का, असं कुणी विचारलं नव्हतं. अलिबागेहून येणाऱ्या सरकारी शिपायाच्या खिशातसुद्धा दोन-तीन असायच्या.

नुरुद्दीन शेट रविवारी रात्री गेला. सोमवारी त्याला माती दिली. तीन दिवसांचा दुखवटा म्हणून दुकानाला कुलूप लागलं. आणि मंगळवारी सकाळी मुंबईच्या लाँचने बातमी आणली, की विलायतेच्या सरकारनं पौंडाबद्दल सोनं देणं बंद केलं आणि मुंबईतल्या बँका तीन दिवस बंद.

तिकडेही तीन दिवस, इकडेही तीन दिवस. रेवसच्या लोकांना घाबरायला आणखी काय पाहिजे होतं?

ओटीवरच्या माणसांत दयाराम होता. मिठागराच्या बांधावर मजूर लावणारा मुकादम, बावाच्या बरोबरीचा. अतियाने त्याला बाजूला बोलावलं.

"दयारामदादा, खरं सांगा. ही माणसं कशाला बसलीत?"

"दुखात बसलीत, बाय. शेटचा दुख केवढा!"

"चिठ्ठ्या आणल्यात ना?"

दयारामने खाली बघितलं. "आता आनल्यात, पर मागत न्हाय कोन. शेटची माती अजून ओली हाय. असं कसं मागतील?"

"मागत नाहीत, मग जात का नाहीत?"

"गेल्यावर दुसरा कोनी मागला तर?"

अतियाने डोळे मिटून घेतले. "बरं. बाजारात चालतायत ना चिठ्ठ्या?"

"न्हाय. बुधाजी घेत न्हाय."

"का?"

"केसर घेत न्हाय म्हनून."

"आणि केसर का घेत नाही?"

"बुधाजी घेत न्हाय म्हनून. इचारलंय मी."

"तुम्ही तरी मागा," अतिया म्हणाली. "सगळ्यांसमोर मागा. मी आतून रोकड आणून देते. तुम्हाला दिली की बाकीच्यांचा जीव भांड्यात पडेल."

दयाराम दोन पावलं मागे सरला. "मी? शेटच्या दारात? लोक म्हनतील, दयाराम मड्याच्या उशाशी पैसं मोजत होता. न्हाय बाय. तू मला काय पन सांग, ह्ये सांगू नको."

आणि तो परत जाऊन आपल्या जागी बसला, कुलपाकडे तोंड करून.

घरात मोहम्मदचाचा वर्तमानपत्र पसरून बसले होते. नुरुद्दीनचे धाकटे भाऊ. मुंबईत मशीदबंदरला कुठल्याशा पेढीवर दहा वर्षं होते आणि तेवढ्यावर सगळ्या जगाच्या व्यापाराचं त्यांना कळतं असं त्यांचं मत होतं.

"दुकान चाळीस दिवस बंद ठेवायचं," ते म्हणाले. "चाळिसावा होऊ दे, मग बघू. सरकारनं काय केलं? बंद केलं. सरकार काय वेडं आहे?"

"सरकारनं तीन दिवस बंद केलं, चाचा. चाळीस नाही."

"त्यांचं राज्य मोठं, त्यांना तीन पुरतात."

तिला हसू आलं असतं, पण हसायचे दिवस नव्हते. गेली चार वर्षं ती बापाला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवत होती, आणि चार वर्षं त्याचं एकच भांडण ऐकत होती. एका रुपयाला विलायतेचे अठरा पेन्स की सोळा. सरकारने अठरा ठरवले म्हणून नारळाला भाव नाही, मिठाला भाव नाही, आपला माल महाग आणि विलायतेचा स्वस्त. वाचता वाचता तो मध्येच तिच्या हातातून कागद ओढून घ्यायचा आणि कागदालाच शिव्या द्यायचा. "अरे, रुपया ज्याच्या खिशात त्याला तरी विचारा! हे टेबलावर बसून ठरवणार आणि आम्ही इथे नारळ विकणार." मग थोडा शांत झाला की म्हणायचा, "बघ अतिया, चिठ्ठी म्हणजे काय? दुसरा घेईल या भरवशावर पहिला घेतो. त्यांच्या नोटेचं तेच, आपल्या पुठ्ठ्याचं तेच. त्यांना एवढंच कळत नाही."

आता सगळं अठरा पेन्सांचं जगच हललं होतं, आणि भांडायला तो नव्हता. निदान चार दिवस थांबला असता तर केवढा ओरडला असता.

"चाचा," ती म्हणाली, "चाळीस दिवस कुलूप राहिलं तर बावाची चिठ्ठी मेली म्हणून समजा. मग कुणीही घेणार नाही. त्याच्या नावाची चिठ्ठी कुणी घेतली नाही असं झालं तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "दुकान राहील, पण नाव राहणार नाही."

"मग काय करणार आहेस? ओटीवर जाऊन ओरडणार, या हो, पैसे न्या?"

"दयारामदादांना सांगून बघितलं. कुणी नेत नाही."

"मग झालं तर! नेत नाहीत तर देऊ नको." चाचांनी कागदाची घडी घातली. "आणि जियारतचं सामान मी आणणार आहे उद्या. उधारीवर. दुखवट्याच्या घराला नाही कोण म्हणेल?"

तिथेच अतियाला सुचलं. सुचलं म्हणण्यापेक्षा, चाचांचा इतका राग आला की त्या रागातच ते समोर दिसलं.

उद्या तिसरा दिवस. जियारत. कुराण वाचून झालं की गावाला जेवण. नारळ, कांदे, तांदूळ, बोकड, आलेल्या हिंदू माणसांच्या हातावर ठेवायला केळी. सगळं बाजारातून आणायचं. मागायला माणसांना लाज वाटते ना? ठीक आहे, मागू नका. विका.

ती आत गेली. तिची मा गुलबानू नवरा गेल्यानंतरच्या इद्दतीत पडद्याआड बसली होती. हातात बांगडी नाही, कानात काही नाही.

"मा, उद्या बाजारात मी जाते."

पडद्याआड तसबीहीचे मणी सरकायचे थांबले. मग मा म्हणाली, "लोक बोलतील."

"बोलू देत. निदान बोलतील तरी. दोन दिवस नुसते बसलेत."

"तुझ्या बावानं निकाहच्या दिवशी मला दोन तास बसवून ठेवलं होतं," मा म्हणाली. "गलबतातून तांदूळ उतरवायचा होता म्हणून. जा. पेटीची चावी उशीखाली आहे."

बुधवारी सकाळी अतिया पांढरी चादर डोक्यावरून घेऊन बाजाराच्या गल्लीत शिरली, तेव्हा गल्ली गप्प झाली. नुरुद्दीन शेटची मुलगी, तिसऱ्या दिवशी, पिशवी घेऊन! बायकांनी तोंडावर पदर घेतले. ती हिरामणच्या नारळांपुढे थांबली. चौलच्या वाड्यांतले नारळ तो बैलगाडीतून आणायचा.

"बारा आण्यांचे नारळ दे."

त्याने नारळ मोजले. तिने पिशवीतून चांदीचा रुपया काढून त्याच्या हातावर ठेवला. हिरामणने तो उलटासुलटा केला, दगडावर वाजवला, आणि त्याचा चेहरा उजळला. मग पडला.

"बाय, चार आणे सुट्टे न्हाईत."

"सुट्टे कोण मागतंय? बावाची चिठ्ठी दे."

"काय?"

"चिठ्ठी. चार आण्यांची. असेल ना?"

"चिठ्ठी घेनार तू? कशाला?"

"मला लागते," अतिया मोठ्याने म्हणाली. "बावाची चिठ्ठी मला कधीही चालते."

हिरामणने इकडेतिकडे बघितलं, कंबरेच्या कनवटीतून पाच चिठ्ठ्या काढल्या, त्यातली सगळ्यात मळकी तिला दिली, आणि बाकीच्या चार हातात धरून उभा राहिला. "आनखी नारळ घे की," तो म्हणाला. "रुपया दिलास तर ह्या पन देतो."

कांदेवालीकडे तेच झालं. केळीवाल्याकडे तेच. खाटकाने तर स्वतःहून चिठ्ठी पुढे केली. अतियाच्या पिशवीत अकरा चिठ्ठ्या जमल्या, आणि बाजारात अकरा रुपये खणखणले. कुणी काही मागितलं नाही, कुणाची लाज गेली नाही. तिला वाटलं, झालं. बावा असता तर मांडीवर थाप मारून म्हणाला असता, हे दिल्लीवाल्यांना शिकव.

मग ती केसरकडे पोचली.

केसर मासळीच्या पाटीमागे पाय पसरून बसली होती. आवाज असा, की खाडीपलीकडे ऐकू जावा. अतियाने पापलेट घेतले, रुपया दिला आणि चिठ्ठी मागितली.

"न्हाय," केसर म्हणाली.

"नाही? तुझ्याकडे तर ढीग असतील."

"असतील. माझ्या चंचीत हाईत. देनार न्हाय."

"काल तू कुणाची घेत नव्हतीस!"

"काल येगळा, आज येगळा. शेटची पोर बापाच्या तिसऱ्याला बाजारात येते, रुपयं वाटते आन चिठ्ठ्या गोला करते. मी काय येडी हाय? चिठ्ठीत कायतरी हाय गो बाय. सोन्याचा भाव वाढलाय, लाँचवाला सांगत व्हता."

"चिठ्ठीत सोनं नाही, केसर. पुठ्ठा आहे."

"पुठ्ठ्यासाठी कोन उन्हातान्हात फिरंल?" केसरने तिला दोन आण्याच्या दोन चवल्या काढून दिल्या. मंगळवारपासून सगळ्या बंदरावर कुणाला दिसलेलं ते पहिलं सुट्टं नाणं. "ही घे तुझी मोड. चिठ्ठी मिलनार न्हाय."

तिचा आवाज खाडीपलीकडे गेलाच असणार. कारण अतिया घरी पोचायच्या आत ओटी रिकामी झाली होती.

गुरुवारी तिने दुकान उघडलं. गिऱ्हाईक लोटलं. आणि कुणी चिठ्ठी काढेना! ज्या माणसांनी दोन दिवस कुलपाला नजर लावली होती, ती आता गाडग्यांत पुरलेले रुपये काढून तांदूळ नेत होती आणि चिठ्ठ्या घरात दडवत होती. कुणी म्हणत होतं, सरकार चिठ्ठीबद्दल सोनं देणार. कुणी म्हणत होतं, शेटने मरताना सांगितलंय, एकीच्या दोन द्या. शेटने मरताना फक्त पाणी मागितलं होतं. पण ते कुणाला ऐकायचं होतं?

मोहम्मदचाचा खूश. "बघ! मी म्हणत होतो ना, बंद ठेवल्यानं किंमत वाढते?"

"चाचा, किंमत वाढून काय उपयोग? चिठ्ठी फिरायला पाहिजे. परवा कोणी घेत नव्हतं म्हणून बाजार अडला, आज कोणी देत नाही म्हणून अडलाय. बांधावरच्या बायकांना शनिवारी मजुरी कशाने देणार?"

"रुपयाने दे."

"चार आणे मजुरी, चाचा. एका रुपयाचे चार तुकडे करून देऊ?"

चाचांनी त्यावर खरंच थोडा विचार केला.

शनिवारी दयाराम आला. पावसाने फोडलेले मिठागराचे बांध बांधायला त्याने त्या दिवशी चाळीस माणसं लावली होती. अतियाने अकराच्या अकरा चिठ्ठ्या त्याच्यासमोर ठेवल्या. बाकीच्या कोऱ्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा बाजूला होता. तिने त्यांवर 'चार आणे' लिहून ठेवलं होतं. सहीची जागा रिकामी होती.

"शेटची सही घाल," दयाराम हलक्या आवाजात म्हणाला. "तू त्याचं समदं लिवत व्हतीस. हुबेहूब घालशील. कोनाला कलनार न्हाय."

"मी पण तेच म्हणतोय सकाळपासून," चाचा आतून म्हणाले. "सोपं काम आहे."

सोपं होतंच. ती सही तिच्या बोटांत होती. कितीदा बावा म्हणायचा, घाल गं तूच, माझे हात तेलाचे आहेत. आणि तिने एकदाही घातली नव्हती. प्रत्येक वेळी त्याला हात धुवायला लावून बसवलं होतं, आणि तो वैतागून सही करायचा.

"मेलेला माणूस चार आणे कसे देणार, दयारामदादा?" ती म्हणाली. "त्याच्या सहीच्या ज्या आहेत त्या मी देईन, शेवटच्या चिठ्ठीपर्यंत. पण उद्या देणार मी आहे. सही माझी."

तिने टाक बुडवला आणि लिहायला घेतलं. *अतिया नुरुद्दीन.* खाली रेघ ओढली नाही. ती त्याची होती.

दयाराम एकेक चिठ्ठी उचलून फुंकर मारून वाळवत होता. "चालंल ही?"

"न चालली तर सोमवारी घेऊन या. तांदूळ नाहीतर रोकड, जे हवं ते. याहून वेगळं बावाच्या चिठ्ठीत काय होतं? सांगा, काय होतं?"

"तसं काय न्हाय," दयाराम म्हणाला. मग हातातली चिठ्ठी खाली ठेवत, "शेट व्हता."

तिने पुढची चिठ्ठी ओढली.

मजुरी दुकानासमोरच वाटली गेली. अकरा जणांना बावाची मिळाली, आणि त्यांनी ती अशी झटकन लपवली की जणू कुणी हिसकावून घेणार होतं. बाकीच्यांना तिची. सगुणा नावाच्या मजूर बाईने नवी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. तिला वाचता येत नव्हतं. "अक्शर लई बारीक," ती म्हणाली. "शेटचं कसं ठसठशीत व्हतं." पण पदराच्या टोकाला बांधली आणि गेली.

रविवार अतियाने कसा काढला ते तिलाच ठाऊक. सोमवारी पहाटेच तिने रोकड गल्ल्यात आणून ठेवली, तांदळाची पोती दाराशी ओढली, आणि बसली. आता रांग लागेल. एकोणतीस माणसं येतील आणि म्हणतील, बाय, तुझी नको.

कुणी आलं नाही. संध्याकाळी बुधाजी होडीवाला रॉकेलला आला. डबा पुढे केला आणि तिची एक चिठ्ठी फळीवर टाकली. तिच्या सहीवर माशाच्या खवल्यांचा ठसा होता.

"ही कुठे मिळाली?"

"केसरनं दिली भाड्यात. का? चालत न्हाय का तुझीच तुला?" बुधाजीने डब्यात डोकावून बघितलं. "आन रॉकेल नीट भर, बाय. शेट काठोकाठ भरायचा. आता लगेच कमी व्हाया लागलं?"

"काठोकाठच आहे!"

"ह्ये काठोकाठ?"

ती रॉकेल ओतत राहिली आणि मनात मोजत होती. दयारामकडून सगुणाला नाहीतर बांधावरच्या दुसऱ्या कुणाला, तिथून केसरला, केसरकडून बुधाजीला. दोन दिवसांत तीन हात. कुणी विचारलं नाही. कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

महिना गेला. मुंबईच्या बँका उघडल्या, रुपया पौंडाला बांधलेलाच राहिला, सोन्याचा भाव चढत राहिला, आणि अलिबागेला दागिने विकत घेणारे दलाल फिरू लागले. वर्तमानपत्रांत थोर माणसं एकमेकांशी भांडत होती. अतिया वाचायची आणि आपल्याशीच चिडायची. रेवसला तिच्या चिठ्ठ्या धावत होत्या. बावाची मात्र एकही परत आली नाही. सोनं मिळणार नाही हे आता सगळ्यांना कळलं होतं, तरी कुणी ती मोडेना. केसरला विचारलं तर ती म्हणाली, "असू दे घरात." का, ते तिला सांगता येईना, आणि अतियालाही नीट कळेना.

एक दिवस दुकान आवरताना तिच्या लक्षात आलं, की तिच्याकडे एकही नाही. अकराच्या अकरा दिल्या होत्या. हिशेबाच्या कागदांवर सगळं अक्षर तिचंच. बावाच्या हातचं असं काही घरात नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी ती केसरकडे गेली.

"बावाची एक चिठ्ठी दे."

केसरने चंचीवर हात ठेवला. "कशाला?"

"मला पाहिजे."

"पाच आनं."

"चार आण्यांची चिठ्ठी पाच आण्यांना?"

"चार आन्यांची पायजे तर तुझी हाय की. ती चार आन्यांना चालते."

शेजारची कांदेवाली हसली. एरवी अतियाने अर्धा तास भांडण केलं असतं आणि अर्धा आणा तरी कमी करून घेतला असता. तिने आपल्या सहीची एक चिठ्ठी काढली, तिच्यावर एक आणा ठेवला आणि पुढे केला. केसरने दोन्ही घेतलं. मग चंची उघडून बराच वेळ आत बोटं फिरवली, आणि एक निवडून काढली. सगळ्यात स्वच्छ होती.

"ही घे," ती म्हणाली. "हिचा वास येत न्हाय."

घरी मोहम्मदचाचांना कळलं तेव्हा ते केवढ्यांदा ओरडले. "स्वतःचीच चिठ्ठी जास्त पैसे देऊन विकत घेतलीस? अगं, असा धंदा कोण करतं?"

अतिया उठून दुकानात गेली. दुकानाच्या फळीवर तिने चिठ्ठी उजेडाला धरली. सही घाईत केलेली होती, शाई एका बाजूला पसरली होती, खालची रेघ शेवटी वर उडाली होती. सही करता करता तो कुणावर तरी ओरडत असणार.

"बाय, तांदूल मिलनार हाय का न्हाय?" बाहेरून कुणीतरी हाक मारली.

"मिळणार, मिळणार," ती ओरडली. गरजेपेक्षा जरा जास्तच मोठ्याने. "जरा दम धरा ना!"